मूळ आणि नक्कल : तगरच्या मातीतील रोमन नाणे

नक्कल हा शब्द आपल्या भाषेत फारसा मानाचा नाही. ‘नकली’ म्हटले की दागिना पितळेचा ठरतो, आणि ‘नकला करतो’ म्हटले की माणूस बहुरूप्यांच्या पंक्तीस जाऊन बसतो. परदेशी कारखान्यातून आलेली, गिटारीचा सूर पालटणारी एखादी पायपेटी उघडून, तिच्यातील जोडणी वहीत उतरवून घेऊन, बाजारातील सुट्या भागांतून तशीच दुसरी पेटी घरच्या मेजावर सिद्ध करणाऱ्या आजच्या हौशी तरुणाचीही या न्यायातून सुटका होत नाही. पाहणारा त्यास एकच प्रश्न विचारतो : मुळासारखी वाजते काय? प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. नक्कल मुळाच्या किती जवळ आली एवढेच मोजावयाचे, तर ती नेहमीच थोडी उणी भरणार. कारण मोजपट्टीच मुळाच्या घरची आहे. नक्कल करणाऱ्याने मुळातून काय उचलले, काय सोडून दिले आणि पदरचे काय घातले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तुलना पुरी झाली असे म्हणता येत नाही.

हे तीन प्रश्न इतिहासासही लावून पाहण्याजोगे आहेत. आपल्याकडील प्राचीन वस्तूंत परदेशी वळण दिसले की एक पक्ष म्हणतो, ‘पाहा, हे सारे त्यांच्यापासून घेतलेले’. आणि दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने म्हणतो, ‘छे, हे सारे आमचेच’. दोन्ही पक्षांस वस्तू हाती घेऊन पाहण्याची निकड वाटत नाही. अशी एक वस्तू धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी मिळालेली आहे. ती आहे मातीचे रोमन नाणे.

तेर हे गाव मराठी माणसास गोरोबाकाकांचे गाव म्हणून परिचित आहे. तेरणेच्या काठी राहणाऱ्या या संत कुंभाराने थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी एकामागून एक थापटली आणि कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याचा निवाडा केला, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. परंतु गोरोबांच्याही पूर्वी सुमारे बाराशे वर्षे या गावच्या मातीचे नाव दूरवर गेले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी सागरी व्यापाऱ्याने तांबड्या व हिंदी समुद्रांवरील बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा उल्लेख आहे. तगरहून साधे कापड पुष्कळ, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि किनाऱ्याकडून तेथे जमा होणारा इतर माल, गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचास जात असे. हे तगर म्हणजे कोणते गाव, याविषयी पुष्कळ काळ वाद चालला. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे सप्रमाण मांडले आणि तेव्हापासून ते सर्वमान्य झाले. १९५८ मध्ये चापेकर यांनी येथे उत्खनन केले. पुढेही वेळोवेळी उत्खनने झाली. परंतु या सर्वांच्या आधीपासून गावातीलच एक गृहस्थ, कै. रामलिंगप्पा लामतुरे, शेतांतून आणि पांढरीच्या टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू जिवापाड जपून गोळा करीत होते. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये उभे आहे, आणि सातवाहनकालीन महाराष्ट्राचे घरगुती जीवन जितके तेथे दिसते तितके फार थोड्या ठिकाणी दिसते.

आता प्रथम मूळ वस्तू पाहू. रोमचा बादशहा टायबेरियस याने इसवी सन १४ ते ३७ पर्यंत राज्य केले. त्याचे चांदीचे नाणे, म्हणजे दिनारियस, वजनाने सुमारे पावणेचार ग्रॅम आणि रुंदीने पावणेदोन सेंटिमीटरांच्या आसपास असे. दोन ठशांमध्ये चांदीची चकती धरून वरून हातोड्याचा घाव घातला की दोन्ही बाजू एकदम उमटत. एका बाजूस पानांचा मुकुट घातलेले बादशहाचे मस्तक आणि भोवती लॅटिन अक्षरे : टायबेरियस सीझर, दिव्य ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस. दुसऱ्या बाजूस हाती डहाळी व राजदंड घेऊन बसलेली स्त्री आणि ‘प्रधान पुरोहित’ ही बादशहाची पदवी. या नाण्यातील कोणतीही गोष्ट निरर्थक नाही. वजन हा सराफास दिलेला शब्द आहे. मस्तक ही त्या शब्दामागची सत्ता आहे. आणि अक्षरे ही त्या सत्तेची वंशावळ आहे. ऑगस्टस व टायबेरियस यांची चांदीची नाणी हिंदुस्थानात विशेष प्रिय होती. भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी आणून स्थानिक चलनाशी बदलली असता काही नफा राहतो, असे उपर्युक्त व्यापारी स्पष्ट लिहितो. आणि हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार त्याच शतकात प्लिनी करतो.

आता नक्कल. ती मातीची आहे. बारीक माती मळून, तिच्यावर खरे नाणे दाबून उलटा साचा करावयाचा. तो भाजून कठीण झाला की त्यात पुन्हा माती दाबून सुलट चकती काढावयाची आणि ती भाजावयाची, अशी ही कृती. ज्याने कुंभाराचे काम जवळून पाहिले आहे त्यास ठाऊक असते की माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. म्हणून साच्यातून निघालेली चकती मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान भरते; आणि त्या चकतीवरून दुसरा साचा केला, तर पुढची पिढी आणखी लहान. दर वेळी धारा बोथटतात. प्रथम अक्षरे जातात, मग पानांच्या मुकुटाचे पदर जातात, आणि सर्वांत शेवटपर्यंत टिकतो तो नाक-हनुवटीचा ठसठशीत बाह्याकार. अशा मातीच्या मुद्रा तेरखेरीज नेवासे, कोल्हापूर, आणि तेलंगणातील कोंडापूर येथेही मिळाल्या आहेत. त्यांपैकी अनेकींस वरच्या बाजूस भोक किंवा मातीचीच कडी आहे.

ही कडी फार महत्त्वाची आहे. तिच्यामुळे एक शंका मुळातच नाहीशी होते. ही खोटी नाणी नव्हेत. मातीची चकती चांदी म्हणून खपविण्याचा उद्योग कोणी केला असता, तर पहिल्याच सराफाने ती बोटाच्या नखाने वाजवून परत केली असती. ही गळ्यात घालावयाची वस्तू आहे. म्हणजे तगरच्या कारागिराने मुळातून मस्तक उचलले आणि गोल आकार उचलला. वजन, धातू व अक्षरांचा अर्थ हे तिन्ही सोडून दिले. आणि पदरची कडी घातली. टांकसाळीच्या दृष्टीने पाहिले तर ज्यासाठी नाणे असते तेवढेच नेमके त्याने टाकून दिले. त्याच्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पाहिले तर एरव्ही हाती न येणारी वस्तू अल्प किमतीत गळ्यात आली. कोइंबतूरच्या परिसरात किंवा कृष्णेच्या खोऱ्यात रोमन नाण्यांचे जसे मोठे साठे सापडले, तसे मराठवाड्याच्या वाट्यास आले नाहीत. जेथे मूळ दुर्मिळ आणि त्याची कीर्ती मोठी, तेथे नकलेस मागणी येते, हा व्यवहार त्या काळीही चुकलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की ही परकीय राजाच्या तोंडवळ्याची भक्ती झाली. यात कौतुक कसले? परंतु मूळ नाण्याचीच या देशात काय गत झाली ते पाहावे. दक्षिणेत सापडलेल्या अनेक रोमन सुवर्णनाण्यांस बादशहाच्या मस्तकावर दोन भोके पाडून ती दोऱ्यात ओवलेली आहेत. तमिळ देशातील पुदुकोट्टै येथे १८९८ मध्ये मिळालेल्या पाचशे एक सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर तर बादशहाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा आडवा वार घातलेला आहे. ज्यांनी सोने ठेवून चेहरा छेदला आणि ज्यांनी सोने सोडून चेहरा ठेवला, त्या दोघांपैकी एकासही रोमच्या सत्तेशी कर्तव्य नव्हते. एकास धातू हवा होता, दुसऱ्यास अलंकार. मालकाचा हेतू बदलला की मूळ वस्तूही आपले मूळपण गमावते. म्हणून नकलेस उणे ठरविताना, मूळ तरी या भूमीवर मूळ राहिले होते काय, हे विचारणे प्राप्त होते.

त्याच मातीत दुसरा एक प्रकार आढळतो. तेरच्या पांढऱ्या, केओलिन जातीच्या मातीच्या बाहुल्या प्रसिद्ध आहेत. त्या पुढचा व मागचा असे दोन साचे वापरून, दोन अर्धी अंगे जोडून, आतून पोकळ केलेल्या आहेत. आपल्याकडे त्यापूर्वी एकाच साच्याचे, पाठ सपाट असलेले काम रूढ होते. दुहेरी साच्याची युक्ती रोमन जगाशी आलेल्या संबंधातून आली, असे अनेक संशोधक मानतात. येथे नाण्याच्या अगदी उलट घडले आहे. नाण्यात कारागिराने रूप घेतले आणि कृती आपली वापरली. बाहुलीत त्याने कृती घेतली आणि रूप आपले ठेवले. त्या स्त्रियांचे भरघोस केशकलाप आणि कानातील जड कुंडले ही दख्खनची आहेत. रोमन वस्तूशी शेजारी ठेवून तुलना केली तर साम्य डोळ्यांस दिसत नाही. जोडाच्या शिवणीत मात्र ते सापडते. दोन नकलांपैकी अधिक खोल नक्कल कोणती, असा प्रश्न आला तर माझे मत बाहुलीकडे जाईल. दिसणे उचलावयास एक दुपार पुरते. करणे उचलावयास हात वळावे लागतात.

जे कुंभाराने केले तेच राजांनीही केले. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर या ग्रीक राजांची जुनी नाणी अद्याप चालतात, असे तो व्यापारी लिहितो. त्या वळणावर क्षत्रप नहपान याने चांदीची नाणी पाडली. एका बाजूस स्वतःचे मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरे, परंतु शब्द आपल्याकडचे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये जो साठा सापडला त्यात अशी तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या मस्तकावरच आपला चैत्याचा व उज्जयिनी चिन्हाचा ठसा पुन्हा मारला होता. जिंकलेल्या शत्रूची चांदी तशीच ठेवून नाव पुसण्याची ही रीत मोठी बोलकी आहे. परंतु त्याहून बोलकी गोष्ट ही की यानंतर सातवाहनांनी स्वतःची चांदीची नाणी पाडली तेव्हा त्यांनीही राजाचे मस्तक कोरण्याची तीच तऱ्हा स्वीकारली. भोवती मात्र ग्रीक अक्षरे न ठेवता ब्राह्मीत प्राकृत, आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी वळणाची भाषा आली. ज्यांच्या राज्यात ते चालावयाचे त्यांना ते वाचता यावे, एवढी दुरुस्ती त्यांनी केली.

हा सारा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीचा म्हणून दूरचा वाटेल, तर वाचकांनी आपल्या आजीच्या दागिन्यांच्या डब्याची आठवण करावी. पुतळ्यांची माळ ही मराठी घराण्यांतील मानाची वस्तू. ही पुतळी मूळची व्हेनिसची. त्या नगरराज्याने १२८४ मध्ये ड्युकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडण्यास आरंभ केला. सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शास्ता आणि दोघांमध्ये ध्वजदंड. दुसऱ्या बाजूस लांबट वर्तुळाकार प्रभावळीत उभा ख्रिस्त. शतकानुशतके शुद्धतेत ढळले नाही म्हणून ते पूर्वेकडील बाजारात सर्वत्र विश्वासाचे झाले, आणि आपल्याकडील सोनारांनी त्याच्या प्रतिकृती करण्यास सुरुवात केली. येथेही अक्षरे प्रथम गेली. त्यांच्या जागी उभ्या रेघा व ठिपके आले. संत आणि शास्ता यांच्या दोन बाहुल्या झाल्या, आणि त्यांवरूनच पुतळी हे नाव पडले असे मानले जाते. वर कडी आली. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक लयास गेले. टांकसाळीचा आधार असलेले राज्यच संपले. पुतळी मात्र आजही लग्नात घातली जाते, आणि सराफाकडील नव्या पुतळीवर पुष्कळदा लक्ष्मी बसलेली असते. तगरच्या कुंभारात आणि पेशवाईतील सोनारात एक भेद मात्र लक्षात ठेवावा. सोनाराने सोने सोडले नाही. मोडीत घातली तर पुतळीचे मोल येते; मातीच्या टायबेरियसचे येत नाही. नकलेची प्रतिष्ठा कोणत्या गुणास धरून राहिली यावर तिचे आयुष्य अवलंबून असते.

येथवर मूळ तिकडचे व नक्कल इकडची असे धरून चाललो. परंतु हे गृहीत प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते. १९४५ मध्ये व्हीलर यांनी पुदुचेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले तेव्हा इटलीतील अरेझो येथील तांबड्या भांड्यांचे तुकडे निघाले. त्यांबरोबर आतील तळावर दातेरी चक्राची नक्षी असलेल्या गुळगुळीत थाळ्याही निघाल्या. इतके सुबक काम परदेशीच असले पाहिजे, किंवा निदान परदेशी नमुन्याचे असले पाहिजे, असा पुष्कळ काळ समज होता. पुढे मातीचे पृथक्करण झाले तेव्हा त्या थाळ्या याच देशात घडलेल्या ठरल्या. दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ मध्ये तेथील एका घरात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. नखशिखान्त दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंस दोन लहान सेविका असलेली, निःसंशय हिंदी. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे आणि आपल्या या तेरमध्ये मिळाल्या आहेत. तेव्हा टायबेरियसच्या मस्तकाची हौस तगरच्या स्त्रीस होती, तशीच दख्खनच्या वळणाच्या शिल्पाची हौस पाँपेईच्या गृहस्थासही होती. दोघेही परक्या वस्तूच्या नवलाईस भुलले. यात एक धनी आणि दुसरा याचक, असे नाते मुळीच नव्हते.

नकलेचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. नक्कल आंधळीही असू शकते, आणि मुळातील दोष मुकाट्याने बरोबर आणू शकते. आपल्या गाण्यातील पेटी हे त्याचे उघड उदाहरण. पॅरिसच्या दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते वाद्य पायाने भाता मारावयाचे, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी स्वरसंवाद वाजवावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याची हातपेटी केली. आपली बैठक जमिनीवरची आणि आपले गाणे एका वेळी एका स्वराचे. म्हणून पाय गेले, भाता मागे आला, एक हात मोकळा सुटला. सोडण्यातील हा विवेक वाखाणण्याजोगा आहे. परंतु स्वरांच्या समान अंतरांची परकी मोजणी तशीच राहिली आणि मींड त्या पट्ट्यांवर कधीच उतरली नाही. याच कारणास्तव १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. जे सोडावयास पाहिजे होते ते सोडले गेले नाही, म्हणजे नक्कल किती महाग पडते, हे येथे दिसते. तथापि पेटी बंदीनेही मेली नाही, कारण तिने जे घेतले होते ते गरजेतून घेतले होते.

गोरोबांच्या परीक्षेचा अर्थ हाच असावा. थापटणे मारून ते मडक्याचा घाट पाहत नव्हते. ते भाजले गेले आहे की नाही हे ऐकत होते. नकलेचीही परीक्षा अशीच व्हावी. घाट कोणाचा हे विचारण्यापूर्वी, ती ज्याच्या हातून झाली त्याच्या गरजेच्या आव्यातून ती निघाली आहे काय, हे पाहावे. तगरच्या कुंभाराने कडी लावली, सातवाहनांनी लिपी बदलली, सोनाराने सोने राखले, घोष यांनी पायभाता काढला. या प्रत्येक ठिकाणी मुळास मान देऊनही आपल्या घराचा विचार झालेला आहे. मेजावर परदेशी पेटी उघडून बसलेल्या तरुणासही इतिहासाचे सांगणे एवढेच आहे की तिचा प्रत्येक भाग जसाच्या तसा उतरविता आला तर उत्तम; परंतु कोणता भाग आपल्यास नको आणि कोणता तेथे नसून आपल्यास हवा आहे, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो शिकू लागला असे समजावे.

तेरच्या संग्रहालयात मातीच्या वस्तूंपुढून पुष्कळ लोक घाईने पुढे जातात. सोने दिसत नाही म्हणून पाय रेंगाळत नाहीत. ज्यांना वेळ असेल त्यांनी तेथे थोडे थांबावे. दोन हजार वर्षांपूर्वी या मातीस जगाची खबर होती, आणि आलेली खबर आपल्या हाताने वळवून घेण्याइतका तिला आपल्या हाताचा भरवसाही होता. यांपैकी एक गोष्ट जवळ असली आणि दुसरी नसली, तर काय होते, हे पुढील इतिहासाने आपल्यास पुरेसे शिकविले आहे.